नैरोबीतले स्वीडिश शेजारी आणि सोलापूरचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात नैरोबीतल्या आमच्या स्वीडिश शेजाऱ्यांचा विषय निघाला होता, आम्ही तिथं राहायला होतो तेव्हा त्यांच्या सणांना आणि सहलींना कसं जायचो एवढंच दोन ओळीत लिहिलं होतं, आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. कुणाची लेक तिकडं आहे, कुणाचा मुलगा, कुणी स्वतःच जाऊन पोचलंय. नावं कुणाचीच छापत नाही, काळजी नसावी.

ताई, नमस्कार. मी जुळे सोलापूरची. मिस्टरांची बदली नैरोबीला झाली म्हणून फेब्रुवारीत इथं आलो, त्यांची कंपनी स्वीडिश आहे आणि आमच्या कंपाऊंडमध्ये जास्त घरं स्वीडिश लोकांचीच आहेत. मला इथं नोकरी करता येत नाही, मुलगी पाच वर्षांची आहे, दिवस खायला उठतो. शेजारणी हसतात, हात करतात, पण आपल्याकडं कसं कुणीही दारात येऊन 'काय चाललंय गं' विचारतं तसं काहीच नाही. आता जूनमध्ये मिडसमर का कायतरी आहे त्याचं बोलावणं आलंय आणि यादीत माझ्या नावापुढं 'एक डिश' असं लिहिलंय. आम्ही प्युअर व्हेज. जावं का? काय न्यावं? लई टेन्शन आलंय.

अगं जा, नक्की जा, आणि ते 'एक डिश' वाचून वाईट वाटून घेऊ नको. आपल्याकडं पाहुण्याला डबा घेऊन ये म्हणलं तर तो अपमान वाटेल, पण त्यांच्यात यादीत नाव आणि त्यापुढं काम आलं म्हणजे तुला त्यांनी आपल्यातलं धरलं. बाहेरच्या पाहुण्याला नुसतं बोलावतात, आपल्या माणसाला काम देतात. कुणी टेबलं लावणार, कुणी बटाटे उकडणार, कुणी मुलांचे खेळ घेणार, असं सगळं आधी वाटलेलं असतं, त्यामुळं एकाच घरच्या बाईचा दिवस किचनमध्ये जात नाही. मला त्यांची ही पद्धत मनापासून आवडते, आपल्याकडं सुरू व्हायला पाहिजे असं मी कितीतरी जणींना सांगितलंय.

आता मिडसमर म्हणजे काय, तर त्यांचा सगळ्यात मोठा आनंदाचा सण, ख्रिसमसच्या तोडीचा. जूनच्या १९ ते २५ तारखेत जो शुक्रवार येतो त्या दिवशी असतो. स्टॉकहोममध्ये तेव्हा सूर्य रात्री दहाच्या पुढं मावळतो आणि साडेतीनच्या सुमाराला परत उगवतो, पार उत्तरेला तर मावळतच नाही, सहा महिने अंधार आणि थंडी काढलेल्या माणसांना त्या उजेडाचं काय वाटत असेल ते तूच बघ. नैरोबी पडली विषुववृत्ताला चिकटून, तिथं बारा महिने सूर्य साडेसहाच्या आसपास मावळणारच, म्हणून तिथली मंडळी दुपारीच सुरू करतात आणि अंधार पडायच्या आत मुख्य कार्यक्रम उरकतात. आणि हो, स्वेटर ने. नैरोबी साधारण १,८०० मीटर उंचीवर आहे आणि जून-जुलै तिथला थंडीचा मोसम. सण उन्हाळ्याचा, लोक शाली पांघरून बसलेले, असं चित्र असतं.

मैदानात मधोमध एक उंच खांब पानाफुलांनी सजवून उभा करतात आणि त्याच्याभोवती गोल करून नाचतात, त्यात एक नाच बेडकासारख्या उड्या मारायचा असतो आणि तो पोरंच नाही तर केस पिकलेले साहेबलोक पण करतात, तू पण कर, लाजू नको. डोक्यावर फुलांचा गजरा गोल करून घालतात. गुलाबाला तिकडं तोटा नाही, नैरोबीजवळच्या नैवाशाला फुलांचे मोठमोठे मळे आहेत, तिथनं युरोपला फुलं जातात. तुला गजरा गुंफता येत असेल तर सकाळीच जाऊन त्या कामाला बस, जेवणाच्या आधीच चार जणींशी ओळख होईल.

जेवणात हेरिंग नावाचा मासा व्हिनेगर-साखरेत मुरवलेला असतो, तो तुझ्या कामाचा नाही. पण कोवळे बटाटे उकडून त्यावर शेपू घातलेला असतो, सोबत आंबट क्रीम, ते तुला आवडेल, शेपू खाणाऱ्या सोलापूरकराला तर नक्कीच. चीज घालून भाजलेला 'पाय' नावाचा पदार्थ असतो, त्यात अंडं असतं ते विचारून घे. शेवटी स्ट्रॉबेरी आणि क्रीम. तू धपाटे ने, सोबत घट्ट दही. शेंगा चटणी न्यायचा मोह होईल, ने पण वेगळ्या वाटीत, झाकण लावून, वर ठसठशीत 'शेंगदाणे' लिहून, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं पोर असू शकतं आणि ते खेळण्यावारी नेण्यासारखं नसतं. ती मंडळी चिठ्ठी वाचूनच ताटात घेतात, तुझ्या चिठ्ठीचं त्यांना बरं वाटेल.

एक वाजता म्हणलं की एक वाजता पोच. घरात कार्यक्रम असला तर चपला बाहेर, हे आपल्यासारखंच. सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची, मिस्टरांचा साहेब असला तरी. आणि नंतर पुढच्या वेळी ती बाई भेटली की 'त्या दिवशीबद्दल थँक्यू' असं आवर्जून म्हण, त्यांच्यात ही फार जपलेली रीत आहे.

दारात कुणी येत नाही म्हणतेस, तर ते त्यांना तू नको म्हणून नाही गं. न विचारता कुणाच्या दारात जाणं म्हणजे त्या घरच्याला त्रास देणं, असं त्यांच्यात लहानपणापासून शिकवलेलं असतं. तू वेळ ठरवून बोलव. 'गुरुवारी साडेदहाला कॉफीला येता का' एवढा मेसेज टाक, बघ येतात का नाही. कॉफी आणि सोबत काहीतरी गोड घेऊन निवांत बसायचं याला ते फिका म्हणतात आणि ते त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे, ऑफिसात सुद्धा काम थांबवून बसतात. त्यांच्या दालचिनीच्या बन्समध्ये आपला वेलदोडा असतो, तू नानकटाई वेलदोडा घालून कर, रेसिपी मागतील.

आणि एक सांगू, त्यातल्या बऱ्याच बायका तुझ्यासारख्याच नवऱ्याच्या मागं आलेल्या असतात (काही घरात नवरा बायकोच्या मागं आलेला असतो), डिपेंडंट पासवर, म्हणजे जोडीदाराच्या मागं येणाऱ्याला मिळतो त्या परवान्यावर, केनियात नोकरी करता येत नाही, ती अट त्यांना पण तीच. स्वीडनमध्ये नोकरी न करणारी बाई क्वचित दिसते, तिथं कुणी नर्स होती, कुणी शिक्षिका, आणि नैरोबीत येऊन अचानक दिवस रिकामा. हसून हात करणारी शेजारीण आतनं तुझ्याइतकीच एकटी असू शकते. म्हणून म्हणते, बोलावण्याची वाट बघू नको, तू बोलव.

ताई, माझा मुलगा नोकरीसाठी नैरोबीत आहे, अजून लग्न व्हायचंय. स्वीडिश मित्रांबरोबर ऑगस्टमध्ये कुठल्यातरी पार्टीला गेला, फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या आणि टेबलावर छोटे छोटे ग्लास. आमच्या घरात दारूला शिवत नाही कुणी. काय करावं? — एक वडील, होटगी रोड

काका, ती क्रेफिशची पार्टी. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, दिसायला छोट्या लॉब्स्टरसारखा प्राणी, तो शेपूच्या तुऱ्यांबरोबर उकडून थंड करून हातानं खातात, म्हणून गळ्यात बिब, आणि डोक्यावर गमतीच्या टोप्या. पूर्वी त्यांच्याकडं क्रेफिश पकडायला कायद्यानं ऑगस्टपर्यंत बंदी असायची, त्यातनं हा ऑगस्टचा सण झाला. १९०७ मध्ये तिथल्या क्रेफिशवर रोग आला आणि तळीच्या तळी रिकामी झाली, तेव्हापासून बाहेरनं आणावे लागतात. आणि गंमत बघा, नैवाशा तलावात १९७० मध्ये अमेरिकन जातीचे क्रेफिश सोडले गेले, तिथं ते भरपूर वाढले (तलावातल्या वनस्पतींची त्यांनी वाट लावली हे पण खरं), त्यामुळं स्वीडिश माणसाला केनियात गेल्यावर हा सण सोडावा लागत नाही.

छोट्या ग्लासात कडक दारू असते, लपवत नाही. प्रत्येक ग्लासाच्या आधी एक छोटं गाणं म्हणतात, एकमेकांच्या डोळ्यात बघून ग्लास उचलतात. पण त्याच टेबलावर ज्यूस घेऊन गाणारे पण असतात आणि 'घे रे घे रे' असा आग्रह मी कधी बघितला नाही. स्वीडनमध्ये कडक दारू मुख्यतः सरकारी दुकानात मिळते आणि पिऊन गाडी चालवायची मर्यादा फार कडक आहे, म्हणून परतीची गाडी कोण चालवणार हे ते आधी ठरवतात. तुम्ही मुलाला पार्टीला जाऊ नको म्हणू नका, तो तिकडं एकटा आहे हो, माणसं लागतात. फक्त एवढं विचारा की परत कसा आलास. नैरोबीत रात्री पायी किंवा अनोळखी गाडीनं येणं नको, हा धोका ग्लासापेक्षा मोठा आहे.

मी डिसेंबरात लेकीकडं नैरोबीला जाणार आहे. ती म्हणते तिच्या मुलीला शाळेत लुसिया करणार, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्या ठेवून. पोरीचे केस आहेत लांब! हे काय खूळ? — आजी, बाळीवेस

आजी, घाबरू नका, लहान पोरींना हल्ली बॅटरीच्या मेणबत्त्या देतात. १३ डिसेंबरला असतो हा सण. पूर्वीच्या पंचांगाप्रमाणं ती वर्षातली सगळ्यात मोठी रात्र धरायचे, म्हणून अंधारात उजेड घेऊन येणारी मुलगी म्हणजे लुसिया. पांढरा पायघोळ झगा, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर दिव्यांचा मुकुट, मागं बाकीच्या मुली आणि उंच टोकदार टोप्या घातलेली मुलं, सगळी हळू आवाजात गात रांगेत येतात. तुमची नात त्यात असणार म्हणजे तुम्ही पुढच्या रांगेत बसा आणि केसांना आधी घट्ट दोन वेण्या घाला. नंतर केशर घातलेले पिवळे बन आणि आल्याची कुरकुरीत बिस्किटं मिळतात, बनमध्ये अंडं असू शकतं, विचारा. मसाल्याची गरम वाईन असते ती मोठ्यांची, बिनदारूची पण करतात, ती तुम्हाला काढ्यासारखी लागेल आणि आवडेल. भारतात परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड दाखवावं लागतं, लस जायच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली पाहिजे, हे तेवढं लेकीवर सोडू नका, इथनंच करून जा.

स्वीडनला आफ्रिकेत राज्य नव्हतं, मग ही मंडळी तिथं इतकी कशी? — निवृत्त शिक्षक, सात रस्ता

सर, प्रश्न छान विचारलात. अगदीच नव्हतं असं पण नाही. १६५० च्या दशकात स्वीडिश व्यापारी कंपनीनं आजच्या घानाच्या किनाऱ्यावर ठाणं केलं होतं, केप कोस्टचा जो किल्ला पुढं गुलामांच्या व्यापारासाठी कुप्रसिद्ध झाला त्याची सुरुवात त्यांनीच केली, पण दहा-पंधरा वर्षांत ते हातातनं गेलं. नंतर आले ते मिशनरी. १८६६ मध्ये स्वीडिश मिशनची पहिली माणसं आजच्या इरिट्रियात उतरली, पुढं इथिओपियात शाळा, दवाखाने. केनियात कॉफीच्या नादानं आलेले होते. नैरोबीच्या कॅरेन भागात जे प्रसिद्ध जुनं घर आज म्युझियम म्हणून बघायला मिळतं ते १९१२ मध्ये एका स्वीडिश इंजिनिअरनं बांधलेलं, नंतर त्यात डॅनिश लेखिका कॅरेन ब्लिक्सन आणि तिचा स्वीडिश नवरा राहिले.

पण आज जो समाज दिसतो तो आफ्रिकेतले देश स्वतंत्र झाल्यानंतरचा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड स्वीडिश होते, काँगोतलं युद्ध थांबवायला जाताना १९६१ मध्ये आजच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ त्यांचं विमान पडून ते गेले. टांझानियात किबाहा इथं नॉर्डिक देशांनी मिळून शाळा, दवाखाना, शेतीशिक्षण असं मोठं केंद्र उभं केलं आणि १९७० मध्ये तिथल्या सरकारच्या ताब्यात दिलं. १९६५ मध्ये सिडा ही स्वीडनची मदत संस्था निघाली. आणि १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणाची ती पहिली मोठी जागतिक परिषद भरली, जिथं आपल्या इंदिराजी बोलल्या, त्यातनं संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम जन्माला आला आणि त्याचं मुख्यालय नैरोबीला दिलं. दूतावास, मदत संस्था, यूएन, एरिक्सन-स्कॅनियासारख्या कंपन्या, स्वीडिश शाळा, यांच्याभोवती हे सगळं सामाजिक जीवन बांधलेलं आहे. परदेशातल्या स्वीडिश बायकांची स्विया नावाची संघटना पण आहे, १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली, आता जगभर शाखा आहेत.

ताई, मी दोन वर्षं झाली नैरोबीत आहे. इथं जिच्याशी सगळ्यात जास्त जमलं ती स्वीडिश मैत्रीण जूनमध्ये कायमची परत जातेय. प्रत्येक वर्षी कोणतरी जातंच. आता नवीन कुणाशी मैत्री करायची इच्छाच होत नाही.

समजतं गं. हे त्या जगण्यातलं सगळ्यात अवघड. कॉन्ट्रॅक्ट दोन-तीन वर्षांचं असतं, मुलांची शाळा संपली की जूनमध्ये सामान बांधायचं, आणि निरोपाच्या पार्ट्या सुरू. काही जण यावर उपाय म्हणून मन लावतच नाहीत, हसून बोलतात पण आत येऊ देत नाहीत. मला ते पटत नाही. दोन वर्षं ज्या बाईबरोबर तू मुलांचे ताप काढलेस, बाजार केलास, रडलीस, ती दोन वर्षं खोटी ठरत नाहीत ती निघून गेली म्हणून. तिच्यासोबत सामान बांधायला बस. जायच्या आधी एक दिवस फक्त दोघींचा ठेव, पार्टीत बोलणं होत नाही. एखादी सोलापुरी चादर दे, कितीही धुतली तरी टिकते, तिकडं तळ्याकाठी अंथरायला तिला उपयोगी पडेल.

आणि सगळ्या मैत्रिणी एकाच कंपाऊंडमधल्या नको करू. परदेशी लोकांचं हे वर्तुळ फार उबदार असतं आणि म्हणूनच त्यातनं बाहेर पडायचं सुचत नाही, वर्षानुवर्षं नैरोबीत राहून एकाही केनियन घरात न जेवलेली माणसं मी बघितलीत, आपली पण आणि त्यांची पण. मुलाच्या वर्गातल्या केनियन आईला घरी बोलव, थोडी स्वाहिली शिक, तिथल्या मराठी-गुजराती लोकांत जा. ही माणसं कुठं बदली होऊन जाणार नाहीत. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या की नवीन स्वीडिश घरं येतात, त्यांना दूध कुठलं घ्यायचं इथपासून सगळं माहिती पाहिजे असतं, ते सांगणारी तूच हो.

ताई, शनिवार-रविवार स्वीडिश कलीग्ज सारखे कुठंतरी चालायला जातात. मला पण बोलावलंय. काय असतं त्यात, आणि फॅमिली घेऊन कुठं जाता येईल? — भवानी पेठेतला, सध्या नैरोबी

चालायला म्हणजे चालायलाच बरं का. आपली ट्रिप म्हणजे गाडीत बसलं की चिवडा फुटला, अक्कलकोट करून तुळजापूरला जेवायला, तसं नसतं. त्यांच्या देशात जंगलात कुणालाही फिरायचा, तंबू टाकायचा हक्क आहे, जमीन कुणाचीही असो, कुणाला त्रास द्यायचा नाही आणि नुकसान करायचं नाही ही अट, त्यामुळं झाडीत चालणं त्यांच्या अंगात मुरलेलंय. दोन-तीन तास चालणार, मध्ये दगडावर बसून थर्मासमधली कॉफी आणि बन. पाऊस आला तरी परत फिरत नाहीत, रेनकोट काढतात. केनियात मात्र हा हक्क नाही, तिकीट, गेट, गार्ड हे सगळं असतं.

सुरुवात करुरा जंगलापासून करा, शहरातच आहे, वाटा चांगल्या आहेत, झरा, गुहा, सायकली भाड्यानं मिळतात, पोरं खूश. हे जंगल बिल्डरांच्या घशात जाणार होतं, वांगारी माथाई या बाईनं मार खाऊन वाचवलं, २००४ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. तिथं चालताना पोरांना ही गोष्ट सांगा. नैरोबी नॅशनल पार्क १९४६ चं आहे, शहराला लागूनच, मागं उंच इमारती आणि पुढं गेंडा, तिथं मात्र गाडीतच बसायचं.

नैवाशा दोन तासांवर. शेजारच्या हेल्स गेटमध्ये झेब्रा-जिराफांच्या बाजूनं सायकल चालवता येते, असा पार्क दुसरीकडं मिळणं अवघड. पण तिथली ती अरुंद घळ पावसाळ्यात टाळा, वर कुठंतरी पाऊस पडतो आणि खाली अचानक लोंढा येतो, जीव गेलेत लोकांचे. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. तलावाच्या काठावर संध्याकाळी जायचं नाही, पाणघोडा बाहेर येतो आणि तो दिसतो तेवढा सुस्त नसतो. उजनीला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यानं नाकुरू आणि एल्मेंटाइटा हे तलाव करावेतच. समुद्रासाठी मोंबासाची रेल्वे आहे, २०१७ पासून चालू, मुलांना खिडकीतनं हत्ती दिसू शकतात. किनाऱ्यावर जाताना मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, नैरोबीच्या उंचीवर धोका कमी आहे पण खाली तसं नाही.

डबा नेताना प्लॅस्टिक पिशवी चालत नाही. २०१७ पासून केनियात पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून पार्क, जंगल, बीच अशा ठिकाणी एकदाच वापरायच्या बाटल्या, ग्लास, चमचे पण न्यायचे नाहीत, दंड मोठा असतो. आईनं दिलेले स्टीलचे डबे आणि तांब्या काढा. कडक भाकरी, चटणी, दही-भात, एवढं न्या, जास्तीचं न्या, कारण दुसऱ्या तासाला सगळे तुमच्या डब्याकडं येतील. ड्रायव्हर आणि गाईडला पण बोलवा बसायला, त्यांचं ताट वेगळं काढून गाडीत देऊ नका.